उन्हाळा, ससा आणि आम्ही



चिंचवडला युनियनच्या माणसाने सशांवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण कामावरून कमी झालेले आमचे काही सोबती आज ससे पाळतात. पिंजरे पत्र्याखाली असतात आणि वैशाखात ससे दगावतात.

सशाला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. पारा 30 अंशांपुढे गेला की त्याचे खाणे घटते; 35 पुढे जिवावर बेतते. अशा वेळी शेवग्याच्या वाळलेल्या पाल्याची पूड उपयोगी पडते. तीत सुमारे 25 टक्के प्रथिने असतात, म्हणून थोड्या खाण्यातही पोषण साधते. क जीवनसत्त्व ससा स्वतःच तयार करतो. पण उन्हाच्या ताणात ते अपुरे पडू शकते, म्हणून चिमूटभर आवळापूड द्यावी. नवा चारा हळूहळू वाढवावा आणि दिवस मावळल्यावर घालावा. कारण पचनानेही अंग तापते.

परंतु सावली, वारा आणि गार पाणी नसेल, तर शेवगा काय करील? भट्टीखात्यात एका मालकाने पंख्याऐवजी आम्हांला ताक देऊ केले होते. ताक आम्ही घेतले; पंख्याची मागणी सोडली नाही. सशाला मागणी करता येत नाही. ती आपणच ओळखली पाहिजे.