स्टुडिओशिवाय झालेला अल्बम

गेल्या शनिवारी पुण्यात आमच्या बँडचा गिग होता. समोर अकरा माणसं, त्यातली चार माझ्याच ऑफिसमधली. घरी आल्यावर ग्रुपवर मेसेज टाइप केला, "मी थांबतोय." पाठवला मात्र नाही. हेडफोन लावले आणि 'इंडियन ओशन' ऐकत बसलो.

आज त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोलू. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती १९८४ मध्ये भेटले. 'इंडियन ओशन' हे नाव आलं १९९० मध्ये. म्हणजे सहा वर्षं नावाशिवाय वाजवणं चालू! सुस्मितची गिटार, आणि असीम तबला वाजवता वाजवताच गायचा. १९९१ मध्ये बेस गिटार घेऊन राहुल राम आला. हा माणूस कॉर्नेलमधून पीएचडी करून आलेला, नर्मदा बचाव आंदोलनात राहिलेला. त्यांचं 'मा रेवा' त्याच नर्मदाकाठचं.

१९९३ मध्ये पहिला अल्बम एचएमव्हीनं काढला. आपल्याला वाटेल, झालं, आता सुटले! पण तसं नव्हतं. दुसऱ्या अल्बमला १९९७ उजाडलं. मधल्या काळात ड्रम्सवर अमित किलाम आला, वाजवणं चालूच राहिलं.

आणि दुसरा अल्बम झाला कसा? १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ 'सहमत'चा कार्यक्रम होता. तिथे हे वाजवले, ते लाइव्ह रेकॉर्ड झालं, आणि त्याचाच 'डेझर्ट रेन' झाला. स्टुडिओ नाही, रीटेक नाही. जे वाजलं ते वाजलं. ज्या 'कंदिसा'मुळे आपल्यापैकी बहुतेकांना ते माहीत झाले, तो आला २००० मध्ये. पहिल्या भेटीपासून सोळा वर्षांनी.

आम्ही इंजिनिअर लोक दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये रिझल्ट मागतो. माझ्या बँडला झालीत दोन वर्षं. त्यात आमचा बेसिस्ट पुढच्या महिन्यात ऑनसाइट चाललाय, त्यामुळे पुढे काय होईल, खरंच सांगता येत नाही. सोळा वर्षं थांबलं की यश मिळतंच, असंही मी म्हणत नाही. पण 'डेझर्ट रेन' झाला, कारण त्या दिवशी ते वाजवायला तयार होते. इतकी वर्षं वाजवत होते म्हणून तयार होते.

तो मेसेज मी डिलीट केला. त्याऐवजी लिहिलं, "रविवारी दहा वाजता प्रॅक्टिस. फोनवर रेकॉर्ड करू."

तुमचा असा न पाठवलेला मेसेज असेल तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!