जात्याची घरघर, संगणकाची कटकट

माझी खाला ऐंशीच्या पुढची. कोल्हापुरातल्या आमच्या घरातलं जातं कधीच माळ्यावर गेलं, पण तिच्या ओव्या अजून ओठांवर आहेत. घरातली बोली दखनी, ओव्या मात्र मराठी. त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात म्हणून मी माइक, हेडफोन आणि एक जुना ऑडिओ इंटरफेस मिळवला. माइकचा आवाज आकड्यांत बदलून संगणकाला देणारी ही छोटी पेटी. लॅपटॉप घरात होताच. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला वाटलं, झालं काम.

खालाला कमी ऐकू येतं, म्हणून तिचाच आवाज तिला हेडफोनमधून द्यायचा होता. तिनं ओवी धरली आणि लगेच थांबली. म्हणाली, "कोण रं त्यो, माझ्या मागनं चिडवतोय?"

खासबाग मैदानात कुस्त्या बघितलेल्यांना हा प्रकार कळेल. लांब बसलं की हलगीवर टिपरी पडलेली आधी दिसते, कडकडाट मागून येतो. चौतीस मीटर अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. संगणकात मात्र उशीर होतो तो ओंजळीमुळे. तो आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतो, पण ते एकेक करून पुढे देत नाही. ओंजळ भरली की देतो. या ओंजळीला बफर म्हणतात. १,०२४ नमुन्यांची ओंजळ भरायला २१ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे २१ हजारांश लागतात. आत येताना एक ओंजळ, बाहेर जाताना एक. उशीर चाळीसच्या पुढे गेला. गाणारा अडखळायला एवढं पुरतं.

मग मी शहाणपणा केला. ओंजळ एकदम ६४ नमुन्यांवर आणली. उशीर गेला, खाला खुलली. तिच्या आईवरची एक ओवी तिनं गायली. ती मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. ती गेल्यावर मुद्रण लावलं, तर ऐन शब्दांवर कट्, कट्! ६४ नमुन्यांची ओंजळ सव्वा मिलिसेकंदात रिकामी होते. तेवढ्यात पुढची भरली नाही, तर आवाजात भोक पडतं. त्या क्षणी माझा लॅपटॉप वायफाय शोधत असेल, नाहीतर अपडेट उतरवत असेल.

"खाला, ती ओवी परत म्हण ना," मी म्हणालो.

"ओवी म्हंजी काय नळाचं पाणी हाय, तोटी सोडली की यायला?"

लॅपटॉप वेगवान आहे, असं मला सांगितलेलं होतं. ते खोटं नव्हतं, पण तो वेग सरासरीचा. पादाकुलकात सरासरी सोळा मात्रा असून चालत नाही. प्रत्येक चरणात सोळाच लागतात. एका चरणात पंधरा भरल्या, तर पुढच्यातल्या सतरा ती चूक भरून काढत नाहीत. आवाजाचंही तसंच. हजार ओंजळी वेळेवर आल्या आणि एक चुकली, तर ऐकणाऱ्याला तीच ऐकू येते. म्हणून संगणकाला वेग शिकवण्यापेक्षा कोणत्या कामानं थांबायचं, हे शिकवावं लागतं.

मी तेच केलं. मुद्रणापुरतं वायफाय आणि ब्लूटूथ बंद. अपडेट आणि फाइलींची देवाणघेवाण थांबवली. चार्जर लावून वीजबचत काढून टाकली, कारण बचतीसाठी डुलकी घेणारा प्रोसेसर जागा व्हायलाही वेळ घेतो. इंटरफेस इतर यंत्रांबरोबर हबमध्ये न जोडता थेट लॅपटॉपला जोडला. त्याचा असिओ ड्रायव्हर बसवला. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं १९९७ साली आणलेली ही पद्धत. तिच्यामुळे मुद्रणाचं सॉफ्टवेअर विंडोजचे मधले थर टाळून यंत्राशी बोलतं. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी तर वेळेची हमी देणारी व्यवस्था बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर २०२४ साली मुख्य गाभ्यातच आली. शेवटी हाव सोडली आणि ओंजळ २५६ वर ठेवली. एका ओंजळीला पाच मिलिसेकंद. खालाला एवढा उशीर जाणवला नाही. बऱ्याच इंटरफेसमध्ये गायकाचा आवाज संगणकात न जाता परस्पर हेडफोनमध्ये देण्याची सोय असते. ती असेल तर हा प्रश्नच उरत नाही. माझ्या पेटीत ती नव्हती.

या वेळी आधी स्वतः तासभर बडबडून मुद्रण केलं, संपूर्ण ऐकलं आणि मगच खालाला बोलावलं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तिनं अकरा ओव्या गायल्या. एकही कट् नाही. आईवरची ओवी मात्र आली नाही, आणि मीही पुन्हा मागितली नाही.

भोकं बुजवणारी सॉफ्टवेअर मिळतात. ती आजूबाजूचा आवाज बघून मधला अंदाजानं भरतात. मी ती वापरली नाहीत. त्या फाटक्या जागी कोणते शब्द होते, ते एकट्या खालाला ठाऊक आहे. तिथं अंदाज भरायचा माझा हक्क नाही. ते मुद्रण मी तसंच, कटकटीसकट जपून ठेवलंय.