ओळखीची नवी वाट

२०२३ साली पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा मिळून नवा जिल्हा झाला. येथील पुष्कळ तरुण घरी मराठी बोलतात, हिंदीतून शिकतात. नोकरीच्या दारी मात्र इंग्रजी उभी असते. बोरगावच्या कारखान्यांत वा नागपुरास ओळख नाही, म्हणून ते खचतात. २००३ साली सुरू झालेल्या लिंक्डइनवर अशी ओळख जोडता येते. परंतु पहिल्याच पत्रात ‘नोकरी द्या’ म्हणू नये. आपण कोणते काम शिकलो, हे चार साध्या, खऱ्या इंग्रजी वाक्यांत लिहावे. ‘या कामाची तयारी कशी करावी?’ एवढेच विचारावे. उत्तर आल्यास आभार मानावेत. उसन्या भारदस्त इंग्रजीचे सोंग मुलाखतीत उघडे पडते. कोणी आगाऊ पैसे मागितल्यास तेथेच थांबावे. चुकलेली भाषा सुधारता येते; गेलेला विश्वास परत मिळत नाही.