आईचा अंगठा आणि संघाची घटना
(वस्तीतल्या बैठकीत केलेलं भाषण)



येत्या शनिवारी शाळेत पालक-शिक्षक संघाची घटना मंजूर करायचीय. चार पानांचा मसुदा मी रात्री दोनदा वाचला. उद्दिष्टं झकास आहेत : सहकार्य, संस्कार, सर्वांगीण विकास. पण खरा डाव नियमांत असतो.

नियम ३ : वर्गणी शंभर रुपये, थकली तर मत नाही. नियम ५ : सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला. नियम ६ : गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासानं हजर असतील तेवढेच ठरवतील, ते सर्वांवर बंधनकारक.

हिशेब करा. अकराला आपल्या आया लोकांची भांडी घासतात, बाप नाक्यावर उभे. साडेअकराला पाच टाळकी हात वर करणार आणि सहलीचा खर्च आपल्या बोकांडी. जातीचं नावही न घेता साल्यांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवलं!

हे जुनंच आहे. इंग्रजी अमलात मत होतं कर भरणाऱ्याला, मालमत्तावाल्याला. १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदान मागितलं. संविधानाच्या कलम ३२६ नं ते दिलं. देशाचं सरकार निवडताना माझ्या आईला वर्गणीची पावती दाखवावी लागत नाही. पोराच्या शाळेत मात्र दाखवायची?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ वाचा. सरकारी, अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या बाया, वंचितांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. ती समिती वेगळी, हा संघ वेगळा. पण मोजायला पट्टी तीच लावा.

मी चौथीत होतो. शाळेत आईला एका कागदावर अंगठा द्यायला लावला. वर काय लिहिलंय, कुणी वाचून दाखवलं नाही. घरी येऊन ती शाई पदराला पुसत राहिली. नंतर कळलं, ती कुठल्याशा ठरावाला तिची संमती होती.

म्हणून चार दुरुस्त्या लेखी द्यायच्या. मूल शाळेत, म्हणजे पालक सभासद, वर्गणी ऐच्छिक. सभा रविवारी. प्रत्येक कलम मोठ्यानं वाचायचं, मत वेगळं घ्यायचं. जमाखर्च दर सहामाहीला फळ्यावर.

शनिवारी एक खाडा पडेल. पडू द्या. एकदा मंजूर झाली की तीच घटना बदलायला दोन-तृतीयांश हात लागतील. नियम ११ तसंच सांगतो. आज अडवायला आपण पुरे आहोत.

येताना आईला घेऊन या. नुसती सही करायला नाही, बोलायला.

जयभीम!