कमरेचं हाड काढण्याआधी



आष्टी-परतूर भागातला एखादा माणूस दुचाकीवरून पडतो, नडगी मोडते, रॉड बसतो. पण महिने उलटले तरी हाड जुळत नाही. मग जालन्याला किंवा आपल्या घाटी रुग्णालयात डॉक्टर सांगतात, ‘कमरेचं हाड काढून तिथं भरावं लागेल.’ घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पायापायी आता कंबरही अधू होणार का?

नीट मोजून हाड काढलं, तर सहसा होत नाही. आज त्या मोजण्याबद्दलच बोलायचं आहे.

परकराची नाडी जिथं टेकते, तिथं बोटांनी दाबून पाहा. हाडाची कड लागेल. बाहेरून दोन टणक पापुद्रे आणि मधे मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार, रक्ताळलेलं हाड. त्यातल्या जिवंत पेशी नवं हाड धरायला मदत करतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या ऊतीपेढीत दान केलेलं हाड किरणोत्साराने निर्जंतुक करून देतात. त्याचाही मोठा आधार आहे, पण त्यात जिवंत पेशी नसतात.

ही कड सगळीकडे सारखी जाड नसते. पुढच्या टोकापासून साधारण 5 सेंटिमीटर मागे ती चांगली फुगते. तिथं जाडी बहुधा दीड-दोन सेंटिमीटर भरते. त्याच्या मागे ती पुन्हा निमुळती होते. खाली या हाडाच्या पंख्यासारख्या पसरट भागाच्या मधोमध तर हाड इतकं पातळ, की सुकलेलं हाड उजेडासमोर धरलं तर प्रकाश आरपार दिसतो. तिथं छिन्नी घसरली तर ती थेट पोटाच्या बाजूला उतरते. टोकाच्या फार जवळून हाड घेतलं तर टोकच तुटू शकतं, आणि जवळून जाणारी नस दुखावली तर मांडीची बाहेरची बाजू बधिर होते.

जाडीचा हा पुस्तकातला आकडा सरासरीचा. सडपातळ बाईचं हाड त्याहून बरंच पातळ निघू शकतं. म्हणून मोठा तुकडा लागणार असेल, तेव्हा सीटी स्कॅनवर जाडी मोजून मगच जागा ठरवणं मला फार मोलाचं वाटतं. स्कॅन आधीच काढलेला असेल तर या मोजणीला वेगळा खर्चही नाही.

तेव्हा शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना विचारा: हाड कोणत्या बाजूचं घेणार, किती घेणार? पूर्वी तिथून हाड काढलेलं असेल तर न विसरता सांगा, जुने एक्स-रे सोबत न्या. आणि तंबाखू आजच सोडा. तंबाखू खाणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं.