आवडतं गाणं नकोसं होतं तेव्हा



आम्ही बचत गटांच्या सहयोगिनी. या रेडिओवर आलो की दर वेळी कर्जाचे हप्ते, गटाचं दप्तर, शेळीचा विमा यांवरच बोलतो. आज त्यातलं काहीच नाही. आज आम्ही गाण्यांबद्दल बोलणार आहोत. हातातलं काम सोडू नका. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटांतल्या बायकांना घेऊन आम्ही हिवरे बाजारला अभ्यास दौऱ्याला गेलो होतो. करमाळ्याहून पहाटेच गाडी निघाली. ड्रायव्हरदादांनी विचारलं, "ताई, कुठली गाणी लावू?" आम्ही तिघी एका सुरात म्हणालो, "हिमेश रेशमिया!"

आमच्या वयाच्या बायकांना कारण सांगायला नको. आम्ही दहावीला होतो ते साल 2005-06. शाळेला वडापच्या जीपने जायचो. दहा जणांच्या जीपमध्ये अठरा जणं, आणि सगळ्यांच्या वर हिमेशचा आवाज. डोक्यावर टोपी, माईक वर धरलेला आणि नाकातून येणारा तो सूर. 2006 साली त्याचा 'आप का सुरूर' हा अल्बम आला, तेव्हा आम्ही तिघींनी पैसे साठवून एक कॅसेट घेतली. तिघींत एक! आठवड्याला एकीकडे, अशी पाळी लावलेली. आमच्या आयुष्यातला पहिला बचत गट तोच म्हणायचा.

टेप भावाचा होता. तो रानात गेला की आमचं राज्य. कॅसेट ज्वारीच्या कोठीमागे लपवायची, कारण घरी सापडली तर "ही थेरं शिकायला शाळेत जातेस का?" हे ऐकून घ्यावं लागायचं. आवाज बारीक करून, टेपला कान लावून ऐकायचो. शब्द अर्धे कळायचे, अर्धे नाही. पण ती गाणी चालू असताना आपलं स्वतःचं काहीतरी आहे असं वाटायचं. घरात बाकी काहीच आपलं नव्हतं.

तर गाडीत गाणं लागलं. पहिल्या गाण्याला आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला हसलो. तिसरं सुरू झालं आणि आम्ही एकमेकींकडे बघेनाशा झालो. खरं सांगायचं तर नको वाटत होतं. तोच आवाज, तीच चाल, शब्दही सगळे पाठ, पण आत काही हलेना. चौथ्या गाण्याला आमच्यातली एक हळूच म्हणाली, "दादा, जरा बंद करा. डोकं दुखतंय." डोकं कुणाचंच दुखत नव्हतं.

मग आम्ही आपसात कुजबुजायला लागलो. काय आवडायचं गं आपल्याला? कसला वेडेपणा होता तो! हसू येत होतं आणि आत कुठंतरी वाईटही वाटत होतं. ज्या गाण्यांसाठी बोलणी खाल्ली, ती आता ऐकवत नाहीत. म्हणजे तेव्हाची आवड खोटी होती का?

तेवढ्यात मागच्या सीटवरच्या मावशी बोलल्या. साठी ओलांडलेल्या, आमच्या एका जुन्या गटाच्या सभासद. म्हणाल्या, "पोरींनो, तुमचं बरंय. तुमाला आवडत हुतं, आता आवडत न्हाई. आमाला काय आवडतं हे आजवर कुनी इचारलंच न्हाई. मग ते बदललं का न्हाई, हे तरी आमी कसं सांगावं?"

गाडीत सगळ्या गप्प झाल्या. मैत्रिणींनो, त्या एका वाक्यामुळे आजचं हे बोलणं आहे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, दप्तर लिहून झालं, आणि आम्ही दहा मिनिटं मागून घेतली. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला. पंधराव्या वर्षी तुम्हाला कुणाचं गाणं आवडायचं, आणि आता तेच ऐकावंसं वाटतं का? दहा मिनिटांचा दीड तास झाला. त्यातल्या तीन गोष्टी आज सांगतो.

पहिली गोष्ट एका चाळिशीतल्या सभासदाची. ती नवी नवरी म्हणून सासरी आली, तेव्हा सासरे पहाटेच प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं लावायचे. सगळं गाव त्या आवाजावर जीव टाकायचं. हिला मात्र तो आवाज नकोसा व्हायचा. कारण ती कॅसेट लागली की उठायचं, अंधारात हंडा घेऊन निघायचं, आणि हापशावर नंबर लावायचा. तिच्या लेखी ते देवाचं गाणं नव्हतंच, ती कामाची घंटा होती. आता दारात नळ आला. सासरे राहिले नाहीत. परवा देवळात तोच आवाज लागला, आणि ही पायरीवर बसून राहिली. म्हणाली, "ताई, मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं बघा. वीस वर्षं नुसतं कानावर पडत होतं."

म्हणजे आवड नुसती जात नाही, उशिरा येतेही. त्यासाठी अंगावरचं ओझं थोडं उतरावं लागतं. शिंद्यांच्या घरचंच बघा ना. प्रल्हाद शिंदे सासऱ्यांचे, त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद शिंदे आमच्या लहानपणच्या लग्नांतले, आणि नातू आदर्श शिंदे आमच्या पोरांचा. एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी आपल्या तीन पिढ्यांना गाणी पुरवली. प्रत्येक पिढीला वाटतं, आपलाच खरा.

दुसरी गोष्ट आमची स्वतःची. आमच्यातल्या एकीने पुढे गटातून घेतलेल्या कर्जातून पहिला मोबाईल घेतला आणि दुकानातून मेमरी कार्डात गाणी भरून आणली. त्यात हिमेश होताच. पण 2009 च्या 'जोगवा' चित्रपटाची अजय-अतुल यांची गाणीही होती. त्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की या चित्रपटातली बाई आमच्या ओळखीची आहे. मनाविरुद्ध देवीला सोडलेली माणसं आम्ही आमच्या भागात पाहिलेली होती. हळूहळू बोट त्याच गाण्यांवर जायला लागलं, आणि हिमेशची गाणी कार्डात तशीच पडून राहिली. आम्ही ती मुद्दाम सोडली नाहीत. लहानपणी लिमलेटची गोळी हवी असते आणि मोठेपणी कारल्याची भाजी गोड लागते, तसंच हे झालं.

पण आमच्या बाबतीत दुसरंही एक कारण होतं. या कामात आल्यापासून आम्ही किती मुलींबरोबर बसलो असू! कॉलेजच्या रस्त्यावर कुणी मागे लागतो, गाडी आडवी घालतो, म्हणून घरच्यांनी शाळा सोडायला लावलेल्या मुली. त्यांचं ऐकून घरी यायचं आणि टीव्हीवर बघायचं, तर तेच! नायक मुलीच्या मागे लागलाय, ती नको म्हणतेय, आणि वाजंत्री वाजतेय. लहानपणी याच प्रकारच्या गाण्यांवर आम्ही नाचलो होतो. एका ठरावीक गायकाचा हा दोष नाही, अशी गाणी कितीतरी जणांनी गायली. पण आता चाल ऐकू येण्याआधी शब्द ऐकू येतात. एकदा अर्थ कळला की न कळल्यासारखं ऐकता येत नाही.

तिसरी गोष्ट त्याच मावशींची. त्यांनी आधी मान हलवली. "मला कसलं गानं? मी जात्यावर म्हनायची तेवढंच." मग आम्ही म्हणालो, मावशी, तेच तर गाणं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. आज त्यातल्या कितीतरी 'पारी'च्या संकेतस्थळावर मोबाईलवर ऐकता येतात. मावशी बघतच राहिल्या. "लाखावर? आमच्या बायांच्या?"

मग त्या बोलायला लागल्या. त्यांच्याकडे ओव्यांचा साठा होता. आईच्या ओव्या, विठ्ठलाच्या, लेकरांच्या. पण सगळ्यात जास्त जीव भावाच्या ओव्यांवर. भाऊ मुराळी येईल, चोळी करील, बहिणीचं सुखदुःख विचारील, अशा. जात्याला हात लागला की पहिली ओवी भावाची. पुढे वडील वारले. भावाने गोड बोलून तालुक्याला नेलं आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. मावशींनी तो आनंदाने दिला. त्यानंतरच्या दोन भाऊबिजा नीट झाल्या. तिसऱ्या वर्षापासून भाऊ आला नाही.

मावशी म्हणाल्या, "लोक म्हंतात गिरनी आली म्हनून ओव्या गेल्या. माझ्या ओव्या गिरनीनं न्हाई नेल्या. भावाची ओवी तोंडाशी यायची आन् घशात अडकायची. मग मी म्हनायचंच सोडलं."

बैठकीत कुणी काही बोललं नाही. चार-पाच जणींनी पदर डोळ्यांना लावला. आमच्या लक्षात आलं की मावशींनी गाडीत "कुणी विचारलंच नाही" म्हटलं, ते खरं होतं. त्यांचीही आवड बदलली होती. आमच्यापेक्षा फार खोलवर बदलली होती. फक्त ती कुणाला सांगायला जागा नव्हती. आमचं नुसतं एक गाणं जुनं झालं. त्यांचं गाणं गेलं तेव्हा त्यासोबत भावावरचा विश्वासही गेला होता.

आम्ही विचारलं, मावशी, मग आता काय म्हणावंसं वाटतं? थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "लेकीच्या म्हनंन. भावाच्या न्हाई." आणि त्यांनी म्हटल्या. आवाज फाटका झालाय, दम पुरत नाही. पण आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड केल्यात. मावशींनी परवानगी दिली की याच रेडिओवर ऐकवू.

आता आपल्या पोरांबद्दल एक शब्द. त्यांची डीजेची गाणी, रीलवरची अर्ध्या मिनिटाची गाणी ऐकली की आपण म्हणतो, "काय हे गाणं? बंद कर आधी." आपल्याला हेच ऐकावं लागलं होतं, हे विसरतो. एक जुनी गोष्ट सांगतो. 1952 च्या सुमाराला आपले नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर. आपलेच मराठी, शास्त्रीय संगीताचे चाहते. लोकांची आवड सुधारावी म्हणून त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. तिथे अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला ऐकायला घरोघरी माणसं जमायला लागली. शेवटी 1957 साली आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. मंत्र्याच्या हुकमाने देशाची आवड बदलली नाही, तर आपल्या डोळे वटारण्याने घरातल्या पोरीची कशी बदलेल?

म्हणून आम्ही आता बंद कर म्हणत नाही. शेजारी बसतो आणि विचारतो, "यातला मुलगा काय म्हणतोय गं? आणि त्या मुलीला काही बोलायला दिलंय का?" परवा एकीची लेक विचार करून म्हणाली, "आई, तिला एकही ओळ नाहीये." एवढं तिच्या लक्षात आलं, पुरे झालं. गाणं तिने बंद केलं नाही. तिची आवड बदलायची तेव्हा बदलेल, आणि ती तिची स्वतःची असेल.

मानसशास्त्र सांगतं की साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी माणसाला पुढे आयुष्यभर जास्त ठळक राहतात. म्हणून त्या वयातली गाणी नकोशी झाली तरी विसरत नाहीत. आमची ती कॅसेट अजून आहे. फीत बाहेर आलीय, ऐकायला टेप नाही, आणि असता तरी ऐकली नसती. पण टाकून देववत नाही. ती घेताना तीन पोरींनी पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काहीतरी ठरवलं होतं. गाणं आमच्यासाठी जुनं झालं. ते ठरवणं जुनं झालेलं नाही.

तर मैत्रिणींनो, एवढंच करा. पुढच्या बैठकीत बचत, हप्ते, दप्तर झालं की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीला विचारा, तुला तेव्हा काय आवडायचं, आता काय आवडतं, आणि मधे काय झालं? थोरल्यांपासून सुरुवात करा. त्यांना "मला कसलं गाणं?" म्हणू द्या, आणि तरी थांबा. कुणी गायल्या तर मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून.

आणि हो, हप्ता वेळेवर भरा. ते सांगितल्याशिवाय आम्हाला करमत नाही.

नमस्कार.