दोन लाखांचा पॉवर अ‍ॅम्प ईएमआयवर घेऊ का?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलतानाचे 'म्हणजे', 'अं' थोडे कमी केलेत. बाकी जसंच्या तसं.)

  

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटमुळे होतोय. सांगलीकडचा मुलगा, वय २४, नोकरी चाकणला. तो म्हणतो, "दादा, माझ्याकडे चाळीस हजारांचे बुकशेल्फ स्पीकर आहेत. परवा शोरूममध्ये एक पॉवर अ‍ॅम्प ऐकला. दोन लाख दहा हजार. अंगावर काटा आला राव. चोवीस महिन्यांचा ईएमआय बसतोय. घेऊ का?" मग दोन सेकंद काहीच नाही. आणि मग हळूच, "घरी अजून सांगितलेलं नाही."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला मीच आठवलो. म्हणून आज जरा निवांत बोलू.

आधी पॉवर अ‍ॅम्प करतो काय ते बघू. तुमच्या फोनमधून किंवा डॅकमधून जो सिग्नल निघतो तो फार तर एक-दोन व्होल्टचा. इअरफोनला तो पुरतो, कारण इअरफोनला मिलिवॉटमध्ये काम भागतं. पण स्पीकरचा कोन पुढे-मागे ढकलायचा तर करंट लागतो, दणकून लागतो. तो करंट पुरवणं एवढंच पॉवर अ‍ॅम्पचं काम. बऱ्याच हाय-एंड पॉवर अ‍ॅम्पवर आवाजाचा नॉबसुद्धा नसतो, ते काम आधीच्या प्रीअ‍ॅम्पचं. डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळा डबा असेल तर त्याला मोनोब्लॉक म्हणतात. आणि या धंद्यात आदर्श अ‍ॅम्प कसा असावा याची जुनी व्याख्या आहे: सरळ तारेसारखा, फक्त सिग्नल मोठा करणारा. म्हणजे त्याला स्वतःचा आवाजच नसावा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वॉट. किती वॉट लागतात हो आपल्याला?

समजा तुमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आहे. म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. हा भरपूर मोठा आवाज झाला, शेजारचे काका बेल वाजवतील. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. १० वॉटला ९७, १०० वॉटला १०७. म्हणजे १०० वॉटचा अ‍ॅम्प ५० वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा दुप्पट मोठा वाजत नाही, जेमतेम जाणवेल एवढाच मोठा वाजतो. आपण खोलीत रोज ऐकतो ते बहुतेक वेळा एका वॉटच्या आतबाहेर.

मग मोठे अ‍ॅम्प कशाला? कारण संगीत सपाट नसतं. पखवाजाची थाप, तबल्याचा बायां, ऑर्केस्ट्राचा एकदम आलेला तडाखा, हे सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतात. २० डेसिबल म्हणजे १०० पट पॉवर! सरासरी अर्धा वॉट चालू असेल तर त्या एका क्षणाला ५० वॉट हवेत. ते नसले की लाटेचा वरचा भाग कापला जातो, आवाज चिरका होतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. तेव्हा थोडी शिल्लक हवीच.

दुसरी गोष्ट इंपीडन्स. ही शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असतं, पण तो आकडा सगळ्या सुरांना सारखा नसतो. काही स्पीकर मध्येच ३ ओहमवर उतरतात. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा अपोजी सिंटिला, ऐंशीच्या दशकातला रिबन स्पीकर. त्याचा इंपीडन्स होता चक्क १ ओहम. आता शाळेतला ओहमचा नियम आठवा. २० व्होल्ट दिले तर ८ ओहमला अडीच अँपियर जातात, ५० वॉट होतात. तेच २० व्होल्ट १ ओहमला दिले तर २० अँपियर, ४०० वॉट! साधा अ‍ॅम्प तिथे मान टाकतो. डॅन डॅगोस्टिनो यांच्या क्रेल कंपनीचं नाव याच काळात गाजलं, कारण त्यांचे अ‍ॅम्प असले अवघड स्पीकर सहज ओढायचे. मोठा ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटरची रांग, किलोकिलोचे हीटसिंक, पैसा तिथे खरोखर लागतो. ती लूट नाही. पण तो कुणासाठी, तर ज्याच्याकडे तसा स्पीकर आहे त्याच्यासाठी.

तिसरी गोष्ट क्लास. क्लास ए मध्ये ट्रान्झिस्टर सतत पूर्ण चालू असतात, गाणं वाजो न वाजो. मार्क लेव्हिन्सन एमएल-२ हा सत्तरच्या दशकातला नावाजलेला मोनोब्लॉक, २५ वॉटचा. तो भिंतीतून घ्यायचा साधारण ४०० वॉट. दोन मोनोब्लॉक म्हणजे ८०० वॉट. रोज चार तास ऐकलं तर महिन्याला ९६ युनिट! वर मे महिन्यात खोलीत शेगडी पेटवल्यासारखं. घरोघरी जास्त चालतो तो क्लास एबी, मधला मार्ग. आणि क्लास डी मध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, म्हणून उष्णता फार कमी. डी म्हणजे डिजिटल नव्हे बरं का. बेल्जियमचे इंजिनिअर ब्रुनो पुत्झेज यांनी आधी फिलिप्स आणि मग हायपेक्समध्ये जे काम केलं, त्यानंतर छोट्या डब्यातल्या क्लास डी अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन जुन्या अवजड अ‍ॅम्पच्या तोडीस तोड आलं. वजन म्हणजे दर्जा हे समीकरण आता चालत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. साल १९८५. बॉब कार्व्हर नावाचे अमेरिकन इंजिनिअर. त्यांनी 'स्टिरिओफाइल' या हाय-एंडवाल्यांच्या मासिकाला आव्हान दिलं. तुम्हाला आवडेल तो महागडा अ‍ॅम्प निवडा. माझ्या हजार डॉलरच्या आतल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा आवाज मी ४८ तासांत हुबेहूब तसा करून दाखवतो.

मासिकाचं ऑफिस न्यू मेक्सिकोतल्या सँटा फे शहरात. संपादकांनी निवडला एक महागडा ट्यूब अ‍ॅम्प. नाव तेव्हा गुप्त ठेवलं, नंतर कळलं की तो कॉनराड-जॉन्सनचा प्रीमियर फाइव्ह. कार्व्हर तिथे एका खोलीत बसून कामाला लागले. युक्ती साधी होती. दोन्ही अ‍ॅम्पना एकच सिग्नल द्यायचा आणि एकाच्या आउटपुटमधून दुसऱ्याचं वजा करायचं. दोघं एकसारखे असतील तर बाकी शून्य. जे काही उरेल तो फरक. मग ते एकेक रेझिस्टर, कपॅसिटर बदलत गेले आणि तो उरलेला फरक ७० डेसिबलने खाली नेला. म्हणजे मूळ सिग्नलच्या साधारण तीन हजारावा भाग! संपादक ऐकायला बसले, फरक शोधायचा कसून प्रयत्न केला, आणि शेवटी हरलो म्हणून छापलं.

यातून काय कळलं? ट्यूब अ‍ॅम्पचा जो 'ऊबदार' आवाज लोक म्हणतात, त्यातला मोठा भाग म्हणजे त्याचा आउटपुट इंपीडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या चढउताराप्रमाणे आवाज थोडा वरखाली होतो. ते मोजता येतं आणि थोडक्या पैशात नक्कलही करता येतं. पुढची गोष्टही सांगायला हवी. कार्व्हरनी हा अ‍ॅम्प बाजारात आणला, तेव्हा मासिकाने तो पुन्हा तपासला आणि फरक ऐकू येतो म्हटलं. ते भांडण काही वर्षं चाललं. म्हणजे 'सगळे अ‍ॅम्प सारखेच' असं मी म्हणत नाहीये. फरक असू शकतो. पण तो किमतीच्या प्रमाणात वाढतोच असं नाही.

आता माझी गोष्ट. सहा वर्षांपूर्वी पहिला मोठा बोनस आला. एका शोरूममध्ये, नाव घेत नाही, आधी स्वस्त अ‍ॅम्प ऐकवला, मग महाग. महाग लागताच गायिका समोर येऊन बसली असं वाटलं! मी डिपॉझिट भरून तो शनिवार-रविवारसाठी घरी आणला. बाबा रिटायर्ड टीव्ही मेकॅनिक. तरुणपणी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून टू-एन-तीस-पंचावन्न ट्रान्झिस्टर आणून मंडळासाठी अ‍ॅम्प बनवायचे. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आवाज सारखा लावला होता का?"

"हो बाबा, नॉब तिथेच होता."

"अरे, नॉब सारखा म्हणजे आवाज सारखा नाही. दोघांचा गेन वेगळा असतो."

मल्टिमीटर काढला. त्याच नॉबवर माझा जुना अ‍ॅम्प स्पीकरला २ व्होल्ट देत होता, महागडा २.३. म्हणजे जवळजवळ सव्वा डेसिबल जास्त. आणि कानाची गंमत अशी की एवढा फरक 'मोठा' म्हणून कळत नाही, 'चांगला' म्हणून कळतो. जास्त मोकळा, जास्त जिवंत. शोरूममध्ये मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण मी फिदा झालो होतो तो त्या सव्वा डेसिबलवर.

बाबांनी जुन्या रिलेंचा स्विच बॉक्स बनवला, दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा केला. आई पडद्यामागे. ती नाणं उडवणार, स्विच टाकणार, मी ओळखणार. १६ वेळा केलं. मला खात्री होती, १४ तरी येतील.

आले ९. नाण्यानेच उत्तरं दिली असती तर साधारण ८ आली असती.

खरं सांगू का, मला राग आला. अ‍ॅम्पचा नाही, स्वतःचा. बाबा काही बोलले नाहीत, आईने चहा टाकला. सोमवारी मी अ‍ॅम्प परत केला. त्या पैशातल्या थोड्या भागात चांगले स्पीकर, जाड पडदे आणि एक सतरंजी आली. तो फरक मात्र आईलाही डोळे मिटून कळला.

तर मित्रा, तुझं उत्तर.

एक, तुझ्या स्पीकरचा कमीत कमी इंपीडन्स आणि सेन्सिटिव्हिटी शोध. ४ ओहमच्या खाली जात नसेल आणि खोली दहा बाय बाराची असेल, तर ५०-६० वॉटचा नीट बनवलेला अ‍ॅम्प तुला पुरून उरेल.

दोन, अ‍ॅम्प घरी आणून ऐक. १०० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लाव, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेव आणि स्पीकरच्या टर्मिनलवर दोन्ही अ‍ॅम्पचे व्होल्ट सारखे कर. एका टक्क्याच्या आत आण. मीटरच्या दोन टोकांचा एकमेकांना धक्का लागू देऊ नकोस, नाहीतर अ‍ॅम्प जाईल. मग दुसऱ्या कुणाला तरी स्विच टाकायला सांग.

तीन, १६ पैकी १३-१४ आले तर मला कळव, मी चूक होतो असं याच पॉडकास्टवर सांगेन. तरी पैशाचा क्रम विसरू नकोस: आधी स्पीकर, मग खोली, मग अ‍ॅम्प.

वस्तू देखणी आहे, मीटरच्या त्या निळ्या दिव्यांवर जीव जडलाय, म्हणून घ्यायचीय? घे की. त्यात गैर काही नाही. पण ती घेताना 'आवाजासाठी घेतोय' असं स्वतःला सांगू नकोस. आणि शक्यतो ईएमआयवर नको. चोवीस महिने, दरमहा नऊ-साडेनऊ हजार, भाड्याच्या खोलीत राहून, ही गंमत नाही.

आणि चार, घरी सांग. स्विच टाकायला माणूस तर लागणारच आहे.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही अशी आंधळी चाचणी घरी केलीत तर १६ पैकी किती आले ते व्हॉइस नोटवर सांगा. खोटं नको हं, ९ आले तरी सांगा. पुढच्या वेळी बोलू खोलीबद्दल, पडदे आणि पुस्तकांच्या कपाटाने आवाज कसा सुधारतो ते. तोपर्यंत ऐकत राहा. आवाज जरा कमी ठेवा, कान एकदाच मिळतात. भेटू!